गिलावा भरेपर्यंत

"ताई, मी मूळची नाशिकची, नऊ वर्षं ह्यूस्टनमध्ये आहे. नवरा मेक्सिकन-अमेरिकन. सासरे ६६ वर्षांचे, टेक्सासच्या पार खाली, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या मिशन गावात राहतात. जन्मभर घरांच्या भिंतींना गिलावा करायचं काम केलं. वीस वर्षांपासून शुगर. दहा आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट घातले. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मी भांडी विसळत होते, तेव्हा ते हळूच जवळ आले आणि म्हणाले, ती दिवसातून दोनदा घ्यायची गोळी पाच दिवसांपासून बंद केली आहे. दम लागतो, दाढी करताना कापलं तर रक्त थांबत नाही, आणि महागही पडते. 'माझ्या मुलाला सांगू नकोस, मिहा.' मिहा म्हणजे पोरी. मी हो म्हणून बसले. घरी येऊन वाचायला लागले तर सगळीकडे हेच, की हिस्पॅनिक रुग्णांमध्ये अँजिओप्लास्टीनंतर गुंतागुंत जास्त. हे त्यांच्या रक्तातच असेल तर आपल्या हातात काय उरतं? त्यांच्या कपाटात गुडघ्यासाठीची 'आर्ट्री किंग'ची बाटलीही दिसली, तीन वर्षं घेतायत म्हणे. ती चालेल का? आणि दिलेला शब्द मोडू का?
– अ., ह्यूस्टन"

प्रिय अ.,

तुझं पत्र वाचलं त्याच रात्री तुला मेल टाकली होती. ती इथे पुन्हा सांगते, कारण दुसऱ्या कुणाच्या घरात हेच चाललं असेल तर त्यांनी हे सदर शेवटपर्यंत वाचत बसू नये. स्टेंट घालून वर्ष झालेलं नसताना अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला दिलेली, रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी बंद पडली असेल, तर तेव्हाच्या तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांना फोन करायचा. दवाखाना बंद असला तरी ऑन-कॉल डॉक्टर असतोच. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर फोन थेट ९११ला. तू रात्रीच फोन लावलास, सकाळी त्यांना गोळी बदलून मिळाली, आणि तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मला हायसं वाटलं. आता निवांत बोलू.

आधी तुझ्या मनाला लागलेला प्रश्न. हे त्यांच्या रक्तात आहे का?

मी सोळा वर्षं सॅन अँटोनियोच्या एका कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, नर्स होते. टेबलावर येणाऱ्या माणसांत निम्म्याहून जास्त तुझ्या सासऱ्यांसारखे. तेव्हा मलाही हा प्रश्न पडायचा. 'हिस्पॅनिक' हा शब्द मुळात सरकारी फॉर्मवरच्या चौकटीचा आहे. त्या एका चौकटीत मेक्सिकन येतात, क्यूबन येतात, प्वेर्तो रिकन, डॉमिनिकन, कोलंबियन, सगळे येतात. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या सोळा हजारांवर हिस्पॅनिक लोकांची तपासणी झाली. तेव्हा दिसलं की मेक्सिकन मुळाच्या लोकांत मधुमेह १८.३ टक्के, तर दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत १०.२ टक्के. प्वेर्तो रिकन लोकांत सिगारेटचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा जास्त. मग 'हिस्पॅनिक रुग्णांना धोका जास्त' या वाक्याने तुझ्या सासऱ्यांबद्दल नेमकं काय कळलं? फार थोडं. शिवाय स्टेंटच्या ज्या मोठमोठ्या चाचण्यांवर सगळे नियम उभे आहेत, त्यांत हिस्पॅनिक रुग्ण होते अगदी मूठभर.

चौकट बाजूला ठेवून माणसाकडे बघितलं की धोका कुठे बसलाय ते दिसायला लागतं. पहिला शुगरमध्ये. तुझ्या सासरच्यांची बोली आणि आपली बोली इथे एकच आहे बघ. आपण म्हणतो 'मला शुगर आहे', ते म्हणतात 'तेंगो आसूकार'. शब्दाला शब्द तोच. अमेरिकेतल्या प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी मधुमेह होण्याची शक्यता ४० टक्के धरतात, हिस्पॅनिक माणसाला ५० टक्क्यांहून जास्त. मिशनच्या शेजारची स्टार काउंटी तर यासाठी प्रसिद्धच आहे, १९८१ पासून तिथे मधुमेहावर संशोधन चालू आहे. थोडा भाग वंशाचा खरा. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांकडून आलेला, मधुमेहाची शक्यता वाढवणारा एक जनुकीय फरक दहा-बारा वर्षांपूर्वी सापडला. पण तो फरक स्टेंट बंद पाडत नाही. वर्षानुवर्षं चढलेली साखर हृदयाच्या शिरा आतून खरवडते, त्या बारीक होतात, अडथळा एका जागी न राहता लांबवर पसरतो. बारीक शिरेत लांब स्टेंट घालावा लागला की तो पुन्हा आवळत येण्याची आणि त्यात गुठळी होण्याची भीती जास्त. हे मिशनच्या गवंड्याला जितकं लागू, तितकंच नाशिकच्या शाळामास्तरांना.

दुसरं ठिकाण मूत्रपिंड. अँजिओप्लास्टीत शिरा दिसाव्यात म्हणून जो डाय सोडतात, तो लघवीवाटेच बाहेर पडतो. शुगरने आधीच थकलेल्या मूत्रपिंडांना तो झेपत नाही. वय, मधुमेह, हृदयाची कमी झालेली ताकद, कमी हिमोग्लोबिन आणि वापरलेल्या डायचं प्रमाण, हे सगळं एकत्र आलं की क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वर जातो. बहुतेकांचा पुन्हा खाली येतो, सगळ्यांचा येत नाही. म्हणून तू एक रिपोर्ट मागून घे. अँजिओप्लास्टीच्या आधीचं क्रिएटिनिन किती होतं, घरी सोडताना किती होतं, आणि त्यानंतर कुणी पुन्हा तपासलंय का. आणखी एक गोष्ट मी कितीदा पाहिली म्हणून सांगते. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर डायच्या वेळी मेटफॉर्मिन थांबवायला सांगतात, आणि ती पुन्हा कधी सुरू करायची हे माणूस घरी पोचेपर्यंत विसरून जातो. मग अडीच महिने शुगरची गोळीच पोटात नाही. सासऱ्यांना हे विचार.

तिसरी गोष्ट उशीर. मिशनपासून दोन-अडीच तासांवरच्या कॉर्पस क्रिस्टीमध्ये १९८८ पासून काही वर्षं हार्ट अटॅकच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेली. तिथे मेक्सिकन-अमेरिकन लोक हार्ट अटॅकने इस्पितळात येण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं. टेक्सासमध्ये विमा नसलेले लोक देशात सर्वांत जास्त, आणि त्यांतही हिस्पॅनिक पुढे. विमा नाही म्हणून शुगर तपासलेली नाही, तपासली नाही म्हणून औषध नाही, आणि मग पहिली भेट थेट इमर्जन्सीत. ठरवून केलेली अँजिओप्लास्टी आणि अटॅक चालू असताना धावतपळत केलेली अँजिओप्लास्टी यांच्या धोक्यात मोठा फरक असतो. यात वंशाचा दोष काही नाही आणि मला याचा आजही राग येतो.

आता ती गोळी. त्यांची दुसरी गोळी टिकाग्रेलॉर होती हे तुझ्या दुसऱ्या पत्रातून कळलं. दम लागतो म्हणाले तो बहाणा नव्हता गं. या गोळीच्या २००९ सालच्या मोठ्या चाचणीत शंभरातल्या जवळजवळ चौदा जणांनी दम लागण्याची तक्रार केली होती. हृदय पुन्हा बिघडलं असं त्या माणसाला वाटतं, ते त्याला कुणाला सांगवत नाही, आणि तो आपल्या मनानेच गोळी सोडतो. दाढीच्या वेळचं रक्तही त्या गोळीचंच काम. हे दोन्ही त्यांना आधीच कुणी सांगितलं असतं तर ते घाबरले नसते. डॉक्टरांनी आता क्लोपिडोग्रेल दिली आहे ती स्वस्त आहे, दिवसातून एकदाच घ्यायची आहे आणि तिने दम लागण्याचा त्रास कमी. ती यकृतात जाऊन कामाला लागते, आणि काही लोकांच्या यकृतात हे काम नीट होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१० मध्ये तसा ठळक इशाराही छापायला लावला. तू रक्ताचं विचारलंस ना? हा दोष आपल्या भारतीय लोकांत युरोपियन लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो, हिस्पॅनिक लोकांत त्यामानाने कमी. म्हणजे निदान या एका बाबतीत सासऱ्यांचं पारडं तुझ्या-माझ्यापेक्षा बरं आहे. फक्त पित्तासाठी ते दुकानातून ओमेप्रझोल आणून घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. ती क्लोपिडोग्रेलचा जोर कमी करते, तिच्या जागी दुसरी देता येते.

आणि ती आर्ट्री किंगची बाटली. हा भाग नवऱ्यालाही वाचून दाखव.

सांधेदुखीवरचं नैसर्गिक औषध म्हणून ही बाटली टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंत हिस्पॅनिक वस्त्यांतल्या दुकानांत आणि ऑनलाइन विकली जायची. लेबलवर ग्लुकोसामाइन, वनस्पतींची नावं. २०२२ मध्ये एफडीएने तिची तपासणी केली तर आत डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन निघालं. लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. एक जोरदार वेदनाशामक, दुसरं स्टेरॉइड. सासऱ्यांच्या बाबतीत याचा अर्थ काय ते जरा मांडून बघ. डायक्लोफेनॅकने पोटात जखम होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. वरून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असल्यावर त्या जखमेतलं रक्त थांबत नाही. डेक्सामेथासोनने शुगर चढते. डॉक्टर शुगरची गोळी वाढवतायत, शुगर हलत नाही, डॉक्टरांना वाटतं रुग्ण पथ्य पाळत नाही, आणि खरं कारण स्वयंपाकघरातल्या कपाटात मिठाच्या डब्याशेजारी उभं आहे.

पण थांब, ती बाटली लगेच कचऱ्यात टाकू नकोस. तीन वर्षं रोज स्टेरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं तयार करणं जवळजवळ थांबवतं. एका दिवसात बंद केलं तर बीपी कोसळून माणूस आडवा होऊ शकतो. एफडीएनेही हेच बजावलं होतं. बाटली तशीच उचल आणि याच आठवड्यात डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. ती हळूहळू कशी सोडवायची ते डॉक्टर ठरवतील.

एक कापडी पिशवी घे आणि घरात जे काही गिळलं जातं, लावलं जातं, उकळून प्यायलं जातं ते सगळं तिच्यात भर. गोळ्यांच्या बाटल्या, चहाच्या पुड्या, सीमेपलीकडच्या नुएवो प्रोग्रेसोहून आणलेली औषधं. मेक्सिकोत दुखण्यावर सर्रास मेटामिझोल घेतात, आपल्याकडचं अ‍ॅनाल्जिन तेच. अमेरिकेत ते १९७७ पासून बंद आहे, पण मिशनच्या भागात घराघरात सापडतं. ते अ‍ॅस्पिरिनच्या कामात अडथळा आणतं. आयबुप्रोफेनही आणतं. निवडुंगाची भाजी, नोपाल, त्यांनी खुशाल खावी, मात्र तिने शुगर थोडी उतरते हे डॉक्टरांना माहीत असू दे. लसणाची भाजीतली फोडणी ठीक, लसणाच्या कॅप्सूल नकोत. आणि मिशन म्हणजे लाल ग्रेपफ्रूटचं गाव, त्यांच्या परसात झाड नसेल तरच नवल. त्या फळाने कोलेस्टेरॉलच्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनसारख्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, टिकाग्रेलॉरचंही वाढतं. एखादी फोड खाल्ली म्हणून काही होत नाही. रोज जग भरून रस नको. फार्मसीतल्या माणसाला एकदा विचारून घ्या.

पिशवी भरताना लेबलं वाच. का सांगते? माझ्या एका रुग्णाच्या बायकोने इस्पितळातून घरी सोडण्याच्या दिवशी मला बाटली दाखवून विचारलं होतं, एवढ्या गोळ्या एका दिवसात घ्यायच्या? लेबल इंग्रजीत होतं, 'टेक वन्स डेली'. वन्स म्हणजे दिवसातून एकदा. पण इंग्रजीतला 'वन्स' आणि स्पॅनिशमधला 'ओन्से' यांची अक्षरं हुबेहूब तीच, आणि ओन्से म्हणजे अकरा. ती बाई विचारायला आली म्हणून बरं. स्पॅनिश लेबल मागितलं की टेक्सासमधल्या बऱ्याच फार्मसी छापून देतात, नुसतं मागायला हवं. डॉक्टरांच्या खोलीतही हेच. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक इस्पितळाने दुभाषी फुकट द्यायचा असतो, तसा कायदा आहे. तुझा नवरा दुभाष्याचं काम करतो असं तू लिहिलंस. मुलाने करू नये. बाप मुलादेखत दम लागतो म्हणून सांगत नाही, पैसे पुरत नाहीत हे तर मुळीच नाही. भाषेची चूक किती महाग पडते त्याचं एक उदाहरण तिकडच्या नर्सिंग वर्गात शिकवतात. १९८० मध्ये फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला घरच्यांनी इस्पितळात आणलं, 'इन्तोक्सिकादो' आहे म्हणाले. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यातून काहीतरी बाधलंय. तिथल्यांनी नशा केलीय असं धरलं. मेंदूत रक्तस्राव होत होता, तो कळेपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगते. दाढीचं रक्त, दंडावर उमटलेला निळा डाग, ब्रश करताना हिरडीतून आलेला थेंब, यांना घाबरून गोळी सोडायची नाही, पुढच्या भेटीत सांगायचं. डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, न थांबणारा घोळणा, अचानक जोराचं डोकं दुखणं, बोलताना जीभ जड होणं, यांत मात्र एक मिनिटही घालवायचं नाही. गोळी वर्षभर, म्हणजे अटॅकपासून बारा महिने, असा साधारण हिशेब. रक्तस्रावाचा धोका फार असेल तर डॉक्टर तो कमी करतात. तारीख डॉक्टरांकडून लिहून घे. मधे दात काढायचा झाला तरी डेंटिस्टच्या सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन.

हे सगळं त्यांना पटवायचं कसं? त्यासाठी माझ्याकडे एक गोष्ट आहे, आणि ती तुझ्या सासऱ्यांसाठीच बेतलेली वाटते.

हृदयात बसवायच्या पहिल्या स्टेंटांपैकी सर्वांत गाजलेला स्टेंट ज्याच्या डोक्यातून निघाला तो डॉक्टर स्पॅनिश बोलणारा. हुलिओ पाल्मास, अर्जेंटिनातल्या ला प्लाता शहरात जन्मलेला, पुढे सॅन अँटोनियोत काम केलेला. फुग्याने उघडलेली शीर पुन्हा मिटू नये म्हणून आत काय ठेवावं याचा तो विचार करत होता. त्याच्या गॅरेजमध्ये एका कामगाराकडून धातूच्या जाळीचा तुकडा पडून राहिला होता. गिलावा धरून ठेवण्यासाठी भिंतीवर ठोकतात ना, तीच जाळी. ताणली की चौकटी उघडतात आणि तशाच राहतात. त्यावरून त्याने आपला स्टेंट केला, आणि हृदयाच्या शिरांसाठी अमेरिकेत त्याला १९९४ मध्ये परवानगी मिळाली.

सासऱ्यांनी ती जाळी आयुष्यभर हाताळली आहे. त्यांना विचार, जाळी ठोकली आणि गिलावा न करता महिनाभर तशीच उघडी ठेवली तर काय होईल? तेच सांगतील, पाणी धरेल, गंजेल, घाण अडकेल. त्यांच्या छातीत अशा दोन जाळ्या आहेत. त्यांच्यावर शरीर स्वतः पातळ अस्तर चढवतं, आतून गिलावा करतं म्हण. पण ते काम महिनोन्‌महिने चालतं, आणि शुगर असली की आणखी सावकाश. तोवर उघड्या तारेला रक्तातल्या पेशी चिकटू नयेत म्हणून ती दुसरी गोळी आहे. अँजिओप्लास्टीनंतर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होण्याचं सर्वांत मोठं कारण कोणतं, तर वेळेआधी ही गोळी बंद करणं. हे ज्या माणसांना झालं त्यांतले फार जण पुन्हा टेबलापर्यंत पोचले नाहीत. जगातल्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा त्यांना हा गिलावा लवकर कळेल.

आता तुझा शब्द. तुझ्यावर त्यांचा जीव आहे. सुनेला स्वयंपाकघरात गाठून त्यांनी हे सांगितलं ते गप्प बसवण्यासाठी असं मला वाटत नाही. त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती आणि कुणाच्या तरी कानावर घालायचं होतं. तू डॉक्टरांना सांगितलंस ते बरोबरच केलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस. पण नवऱ्याला तू सांगू नकोस, सासऱ्यांना सांगू दे. फोन करून म्हण, 'पापा, मी डॉक्टरांना फोन केला कारण मला तुमची भीती वाटली. आता तुमच्या मुलाला तुम्ही सांगा. रविवारपर्यंत वाट बघते, मग आपण दोघं मिळून सांगू.' तारीख ठरवून दे, नाहीतर ते टाळतील. नवरा चिडेल, आधी वडिलांवर आणि मग तुझ्यावर. चिडू दे. तो चिडेल तो घाबरला म्हणून, हे तुलाही कळतंय.

पैशांचंही त्या रविवारीच बोला. ६६ म्हणजे मेडिकेअर, ज्येष्ठांचा सरकारी विमा, असणार. औषधांच्या खर्चासाठी 'एक्स्ट्रा हेल्प' नावाची योजना आहे, तिचा अर्ज स्पॅनिशमध्येही मिळतो. कार्डिअ‍ॅक रिहॅबची, म्हणजे हृदयरुग्णांसाठी देखरेखीखाली घेतल्या जाणाऱ्या व्यायामाची, ३६ सत्रं मेडिकेअरमध्ये बसतात. हिस्पॅनिक रुग्णांना तिकडे पाठवणंच कमी होतं, म्हणून तू स्वतः डॉक्टरांकडे रेफरलची चिठ्ठी माग. तिथे आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी त्यांचं बीपी बघेल, चालायला लावेल आणि गोळी घेतली का विचारेल.

आपल्या भाषेत जावयाचे वडील, सुनेचे वडील यांच्यासाठी जसा 'व्याही' शब्द आहे तसाच त्यांच्याकडे 'कोन्सुएग्रो' आहे, इंग्रजीला तो जमलेला नाही. तुझे बाबा नाशिकहून त्यांना व्हिडिओ कॉल करतात असं लिहिलंस. बाबांनाही शुगर आहे ना? मग दोन्ही व्याह्यांनी रोज रात्री एकमेकांना आपापला गोळ्यांचा डबा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचा, असं ठरवून दे. भाषा येत नसली तरी रिकामा खण दोघांनाही दिसतो.

पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आलीस की मला क्रिएटिनिन किती आलं ते कळव.

तुझी,
ताई